मैदानात वर गेलेला हात

“तुम्ही आदिवासी वाटत नाही,” तो म्हणाला.

गळ्यात ओळखपत्र, कानात वायर, डोक्याला नवाकोरा फेटा. तपोवनातल्या मैदानाच्या मागच्या बाजूला आमचा टेम्पो उभा होता. उतरलेल्या बायकांना पारखत तो फिरत होता. बाजारात बैल बघतात तसा. माझ्यापाशी आला आणि थांबला. मी फिकट हिरवा पंजाबी ड्रेस घातला होता. इस्त्रीचा. केस नीट बांधलेले. पायात सँडल.

“ह्या कोण?” त्यानं मुकादमाला विचारलं. मला नाही.

“त्यांच्यातलीच हाय साहेब. पेठकडची. शिकलेली हाय, दवाखान्यात नर्स हाय. तुम्हीच म्हनले ना, एखादी बोलनारी पुढं बसवा.”

“बोलणारी म्हटलं होतं. अशी नव्हतं म्हटलं.” मग माझ्याकडे वळून एकदम गोड आवाजात, “ताई, राग मानू नका हं. पहिल्या रांगेवर कॅमेरा आहे. तुम्ही लोक लुगडं गुडघ्यापर्यंत नेसता ना, तसं नेसून या. पटकन.”

मी टेम्पोच्या आडोशाला कपडे बदलले. दोघीजणींनी चादर धरली. पलीकडे ड्रायव्हर मोबाईलवर गाणी वाजवत होता. आईच्या बोचक्यात एक जादा लुगडं होतं, ते तिनं दिलं. मला ते नीट नेसताही येत नव्हतं. माझ्या वयाच्या कुणालाच येत नाही. आईनंच खोचून दिलं. तिच्या वयाच्या बायकांना त्यात काही वाटत नाही, त्यांचं ते रोजचंच आहे. मला वाटत होतं. मी माणसांच्या शिरा शोधते, सलाईन लावते, ऑपरेशननंतर शुद्धीवर येणाऱ्या पेशंटचा हात धरून बसते. आणि तिशी ओलांडल्यावर, माझ्याचसारखी दिसण्यासाठी मला रस्त्याच्या कडेला कपडे उतरवावे लागले.

बाहेर आले तर तो खूश.

“आता कसं! एकदम ओरिजिनल. सँडल तेवढे राहू द्या इथंच.”

मी सँडल काढले. तेव्हाच ‘नाही’ का म्हटलं नाही, असं आता लोक विचारतात. सांगते.

आमच्याकडे भाताचं, नागलीचं काम उरकलं की पाडे ओस पडतात. म्हातारीकोतारी तेवढी मागे राहतात. बाकीचे दिंडोरी, निफाड, सायखेड्याकडे द्राक्षमळ्यात कामाला जातात. मुकादम टेम्पो घेऊन येतो. तो ज्या मळ्यात उतरवील त्या मळ्यात उतरायचं. मळा कुणाचा, हे टोळीतलं कुणी विचारत नाही. मालक मुकादमाला ओळखतो, आम्ही मुकादमाला ओळखतो. कित्येक वर्षं एकाच मळ्यात घड विरळणाऱ्या बायकांना त्या मालकाचं नाव ठाऊक नसतं. विचारलं तर मुकादमाच्या कपाळाला आठी पडते, आणि पुढच्या वर्षी टेम्पोत जागा मिळत नाही. त्यामुळे न विचारणं हे आमच्या अंगवळणी पडलेलं आहे.

त्या वेळीही मुकादम आदल्या संध्याकाळी मळ्यात येऊन एवढंच म्हणाला, “उद्या मळा नाय. नाशकात कार्यक्रम हाय. जेवन हाय, रोज बुडनार नाय.” कार्यक्रम कशाचा, कुणाचा, कुणीही विचारलं नाही. टेम्पो आला, बसले. आईनं मला फोन केला, कारण मुकादमानं तिला सांगितलं होतं की तुझ्या लेकीला दोन शब्द बोलायला मिळतील. मी पेठ रोडला खोली घेऊन राहते. रजा टाकली आणि तपोवनात जाऊन टोळीला गाठलं.

मी शिकलेली. मी फलक वाचला. ‘भव्य जलसंकल्प मेळावा.’ जल म्हणजे पाणी. मला आनंद झाला. कारण आमच्या पाड्यावर शिमगा झाला की विहीर तळाला जाते. मग बाया खाली ओढ्यात झिरा उकरतात. वाळूत खड्डा करायचा, पाणी पाझरायची वाट बघायची, वाटीनं हंड्यात भरायचं. माझी आई तशी हंड्याशेजारी बसून राहते, तास न् तास. पावसात आमच्या डोंगरावर एवढा पाऊस पडतो की छपराखाली बोललेलं ऐकू येत नाही, आणि उन्हाळ्यात वाटी. तर मला वाटलं, आता ह्या झिऱ्याबद्दल बोलायचं. मी मनात दोनच वाक्यं तयार ठेवली होती. पाणी आमच्यात पडतं, तर ते आमच्यात थोडं तरी राहू द्या, अशी. त्या दोन वाक्यांसाठी मी लुगडं नेसले आणि सँडल काढले.

आता पुढचं जे आहे ते सांगायला मला जड जातं, पण सांगायचंच आहे.

मैदानात गेल्यावर मला छान वाटलं.

नुसतं छान नाही. मी आयुष्यात कधी एवढी माणसं एकत्र पाहिली नव्हती. आमचा पाडा म्हणजे डोंगरउतारावर इथं एक घर, तिथं दोन. शहरात मी एकटी. वॉर्डात ‘सिस्टर, इकडे’, खोलीवर घरमालकीणबाई ‘तुमच्यात मांसमच्छी चालत असेल ना’ म्हणून नाक वर करून बोलणार. आणि इथं नजर पोचेल तिथपर्यंत माणसं. आमच्यासारखीच. सुरगाण्याकडची, त्र्यंबककडची, हरसूलची. पलीकडे देवळ्याकडचे कांदेवाले शेतकरी, विंचूरचे, येवल्याचे. माझ्या शेजारची एक अनोळखी बाई आपल्या पाण्याच्या पिशवीला दातानं भोक पाडून आधी माझ्यापुढे धरत होती. कुणी कुणाला जात विचारत नव्हतं.

मग ढोल सुरू झाले. व्यासपीठावरून एकजण घोषणा द्यायचा आणि उरलेली अर्धी मैदानातून यायची. पहिल्यांदा मी ओठ हलवले. दुसऱ्यांदा आवाज काढला. तिसऱ्यांदा तो आवाज माझा राहिलाच नाही, सगळ्यांचा झाला. अंगावर काटा आला. पोटात काहीतरी उचललं गेलं. डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. आपण एवढे आहोत! एवढे असताना आपल्याला कोण काय करणार! टेम्पोच्या आडोशाला काय झालं होतं ते मी पार विसरले. अर्धा तासही झाला नसेल. मी त्या फेटेवाल्याकडे बघून हसले सुद्धा.

हीच गोष्ट मला आज सगळ्यात जास्त खटकते. ज्या भावनेनं ताजा अपमान इतक्या लवकर धुऊन जातो, ती भावना माझ्या बाजूची कशी असेल? जखमेवर भूल दिली की दुखत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण भूल देणारा माणूस पुढे कापणार असतो. विनाकारण कोण भूल देतं?

पाहुणे आले. लांबलचक गाड्या. आम्ही उठून उभे राहिलो. फुलं उधळली. भाषण सुरू झालं. आवाज भारदस्त, आणि बोलणं असं की आपल्याच घरातलं कुणी बोलतंय. पाणी म्हणजे जीवन. पाणी म्हणजे भविष्य. डोंगरातलं पाणी समुद्राला वाहून जातं, ते अडवू, वळवू, कोरड्या जमिनीपर्यंत नेऊ. टाळ्या. मी पण टाळ्या. कुणाची कोरडी जमीन, हा प्रश्न त्या टाळ्यांमध्ये कुठं सुचणार?

मग त्यांनी आमच्याकडे हात केला. कॅमेरा वळला. मोठ्या पडद्यावर आम्ही दिसलो. आमची पहिली रांग, आमची लुगडी. लोक ओरडले. पाहुणे म्हणाले, “ह्या माझ्या आदिवासी मायमाऊल्या! ह्यांनी आपल्या काळजाचा तुकडा, आपली जमीन, ह्या पाण्यासाठी आनंदानं दिली! बोला माऊल्यांनो, आनंदानं दिली की नाही? हात वर करून सांगा!”

आणि माझा हात वर गेला.

विचार करून गेला नाही. विचार करायला तिथं जागाच नव्हती. सगळं मैदान हात वर करत होतं, ढोल वाजत होता, पडद्यावर माझा चेहरा खोलीएवढा मोठा दिसत होता आणि तो हसत होता. मी त्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढी सुंदर मी कधी दिसले नव्हते.

आई मला कोपरानं ढोसत होती. तिचे दोन्ही हात मांडीत होते. मी वाकले तशी ती माझ्या कानात म्हणाली,

“जमीन कोनी दिली?”

मी म्हटलं, “काय?”

“हा म्हनतो ना, जमीन दिली. कोनी दिली? आपली का?”

माझा हात अजून वरच होता. मी व्यासपीठाच्या मागे लावलेला नकाशा तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. निळ्या रंगात एक मोठा तलाव काढला होता. त्यात गावांची नावं नव्हती. पण नदीचं वळण मला ओळखू आलं. त्या वळणावर आमचा पाडा आहे.

भाषण संपलं. ‘दोन शब्द’ कुणी मागितले नाहीत. फेटेवाला शामियान्याबाहेर जेवणाची घाई करत होता. मी त्याला गाठलं.

“तिकडे नकाशात आमचं गाव आहे. आम्ही जमीन दिली, असं साहेब बोलले. आम्हाला कुणी विचारलेलं नाही.”

तो हसला. मोबाईलवर बोट चालवता चालवता म्हणाला, “ताई, आज आनंदाचा दिवस आहे. उगीच मूड घालवू नका. आणि विचारलं की! आत्ताच विचारलं ना सगळ्यांसमोर? तुम्हीच सगळ्यात आधी हात वर केलात. काय एक्स्प्रेशन होते तुमचे! जेवून घ्या आता, मसालेभात संपेल.”

मी जेवले नाही. आई जेवली. अन्नाशी कसला राग, असं तिचं म्हणणं.

टेम्पो मळ्याकडे परत निघाला. ऊन कलतं होतं. बायका मघाच्या घोषणा एकमेकींना म्हणून दाखवत हसत होत्या. मी खोलीवर न जाता आईबरोबरच निघाले होते आणि कोपऱ्यात बसून रडत होते. आई म्हणाली, “तुला तिथं वारा आला होता.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. थाळ वाजते, पावरी वाजते, लोक रिंगण धरून नाचतात. नाचता नाचता एखाद्याच्या अंगात वारं येतं. तो घुमायला लागतो, थरथरतो, सगळ्यांना आनंद होतो. मी लहानपणी ते बघत असे तेव्हा माझ्याही अंगावर काटा यायचा. पुढे शिकले, नर्सिंग केलं, आणि हे सगळं थोतांड आहे असं ठरवून टाकलं. पण एक गोष्ट माझ्या ध्यानातून निसटली होती, ती आईनं त्या टेम्पोत सांगितली.

“वारा आला का लगेच त्याच्या पाया नाय पडत. भगत त्याच्या पुढं बसतो. इचारतो, तू कोन आहा? कोनत्या डोंगरावरून आला? तुला काय पायजे? त्यानं नाव सांगितला, तं मग नारळ, मग कोंबडा. खोटा वारा बी येतो ना. त्याला नाव नाय सांगता येत. नाव इचारल्याबिगर वाऱ्याला काय देवू नये.”

मी डोळे पुसले. मला हसू आलं आणि चीडही आली. देवाला समोर बसवून ‘तू कोण, तुला काय पाहिजे’ म्हणून विचारायची हिंमत आमच्या लोकांत आहे. मुकादमाला विचारायची नाही. फेटेवाल्याला विचारायची नाही. आणि माझ्यासारख्या शिकलेलीनं तर दोन्ही सोडलं. देवाला मानत नाही म्हणून विचारत नाही, साहेबाला मानते म्हणून विचारत नाही.

थोड्याच दिवसांत फलक लागले. मी ड्युटीला जाताना एका सिग्नलला रिक्षा थांबली आणि मी वर पाहिलं. मीच. लुगडं, उघडे पाय, वर गेलेला हात, तोंडभर हसू. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘आम्ही आनंदानं दिलं!’ रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता, पण त्यानं ओळखलं नाही. सिग्नल सुटेपर्यंत मी मान खाली घालून बसले.

दवाखान्यात मात्र ओळखलं. मोठे डॉक्टर राउंडला आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “सिस्टर, तुम्ही तर फेमस झालात. मला वाटायचं तुम्ही इथल्याच. पण त्या कपड्यांत काय नॅचरल दिसता हो!” सगळे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, असं एक मैत्रीण नंतर मला समजावत होती. बिनहेतूचं हसणं जास्त लागतं, हे तिला कसं सांगू? दुपारी एका पेशंटच्या सुनेनं माझ्याकडे निरखून पाहिलं. रोज मीच तिच्या सासूला सुई लावायचे. त्या दिवशी तिनं हात आडवा धरला. “तुम्हीच ना त्या, पोस्टरवरच्या? जरा कुणी सीनियर सिस्टर असतील तर पाठवता का?”

त्या वॉर्डात सीनियर मीच होते. तसं मी तिला सांगितलं आणि सुई लावली. मग साहित्य ठेवायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि उभी राहिले.

होळीला पाड्यावरची माणसं मळ्यांवरून परततात. नेमकी तीच वेळ साधून ग्रामसभा लावली होती. आमच्या भागात ग्रामसभेला विचारल्याशिवाय जमिनीला हात लावता येत नाही, असं कायदा म्हणतो. मी रजा टाकून गेले. शाळेच्या ओट्यावर टेबल, टेबलावर पांढरं कापड, दोन खुर्च्या. एक साहेब, एक त्यांचा मदतनीस. गाव समोर जमिनीवर.

साहेबांनी वेळ घालवला नाही. “तुमची संमती जाहीर मेळाव्यात झालेलीच आहे. हे बघा.” मदतनिसानं गुंडाळलेला फलक उलगडला आणि दोन टोकं धरून उभा राहिला. माझाच फोटो. “तुमच्याच गावची मुलगी आहे ना ही? आता फक्त ठराव तेवढा लिहून घेऊ. औपचारिकता आहे.”

सगळं गाव माझ्याकडे वळलं. मागून चुलत्याचा आवाज आला, “हिनंच हात वर केला! हिला कोनी सांगितला?” दुसरा कुणी म्हणाला, “शहरात राहती, तिला काय बुडतंय?” एक बाई थुंकली. माझ्यावर नाही, बाजूला. पण मला दिसेल अशी.

माझी जमीन नव्हतीच ती. आईची, चुलत्यांची, थुंकणाऱ्या त्या बाईची. ती जाणार होती आणि जाताना तिच्यावर माझं तोंड छापलेलं असणार होतं. मला पळून जावंसं वाटलं. एस्टी संध्याकाळी होती.

मी उठले. ओट्यावर गेले नाही. जिथं होते तिथूनच बोलले.

“साहेब, तो हात माझा आहे. मी तो खाली घेते.”

“असं मागे घेता येत नाही, ताई. तुम्ही तर हसत होता.”

“हसत होते. मला आनंद झाला होता. हजारो माणसं होती, ढोल होते, मला रडू पण आलं होतं. आनंदाला सातबारा नसतो, साहेब. जमिनीला असतो. तो माझ्या नावावर नाही. ज्यांच्या नावावर आहे ते इथं तुमच्यासमोर बसलेत. त्यांना विचारा.”

“ठीक आहे. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा,” साहेब म्हणाले.

“हात नाय वर करनार कोनी,” आई बसल्या जागेवरून म्हणाली.

साहेब चिडले. “मग कसं विचारायचं?”

आमच्याकडे कसं विचारतात ते गावानं त्यांना दाखवलं. पाड्याच्या बैठकीत हात मोजत नाहीत. घरामागून घर बोलतं. टोकाच्या घरापासून सुरुवात. ज्याची पाळी तो बोलेल तेवढा वेळ बोलतो, अडखळला तर थांबतात, म्हातारीला ऐकू कमी येत असेल तर कानाशी जाऊन पुन्हा सांगतात. कुणी गप्प बसलं तर त्याचं ‘हो’ धरत नाहीत, पुन्हा फिरून त्याच्यापाशी येतात. साहेबांनी आधी घड्याळ बघितलं, मग मोबाईल. ऊन ओट्यावर चढलं. मदतनिसाचे हात भरून आले, त्यानं माझा फोटो गुंडाळून भिंतीला टेकवला. कुणी जमिनीबद्दल बोललं, कुणी जांभळाच्या झाडाबद्दल, कुणी पुरलेल्या बापाबद्दल. थुंकणारी ती बाई म्हणाली की मला विचारायला आजवर कुणी घरी आलं नव्हतं, मला आधी थोडं बसू द्या. सगळे थांबले. ढोल नव्हता, घोषणा नव्हती, माझ्या अंगावर काटासुद्धा आला नाही. कंटाळाच आला खरं तर. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

एकाही घरानं हो म्हटलं नाही.

साहेबांनी खुर्ची सरकवली. “तुमच्या नाहीनं प्रकल्प थांबत नसतो. वरून येईल ते बघा,” असं म्हणून ते गाडीत बसले. आणि ते खरं असेल. मी खोटी आशा सांगणार नाही. शहरातला फलक अजून तसाच आहे. उन्हानं रंग उडालाय, पण हसू दिसतं. काढा म्हणून मी अर्ज दिलाय, उत्तर आलेलं नाही.

त्यानंतर आमच्या बाजूचे लोक आले. धरणाच्या विरोधात काम करणाऱ्या एका संघटनेचे भाऊ. चांगला माणूस. साधे कपडे, आमच्यात भुईवर बसून नागलीची भाकर खाणारा. ग्रामसभेचं त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, “आता नाशिकला मोठा मोर्चा काढायचा. सगळे पाडे उतरवायचे. ताई, तुमचा चेहरा सगळ्यांना माहिती झालाय, तो आपण त्यांच्यावरच उलटवू. तुम्ही एकदम पुढे. पारंपरिक वेशात. पावरी वाजतेय, तुम्ही मूठ वर केलीये, मागे हजारो लोक. डोळ्यांसमोर आणा फक्त!”

मी डोळ्यांसमोर आणलं. आणि माझं काळीज उसळलंच. तसंच, पोटातून उचलल्यासारखं. मला तो मोर्चा त्या क्षणी हवा होता. त्या गर्दीत जाऊन मला पुन्हा ‘आपण’ व्हायचं होतं. म्हणूनच मला भीती वाटली. तीच गर्दी, तेच व्यासपीठ, दोन्हीकडे सारखंच. बाजू तेवढी बदललेली.

मी विचारलं, “मोर्चात काय मागायचं ते कुणी ठरवलंय?”

“ते ठरलेलं आहे. समितीनं ठरवलंय.”

“समितीत आमच्या पाड्यावरचं कोण आहे?”

“तुम्हाला घेऊ ना आता.”

“आणि तिथं चर्चेला बोलावलं, तडजोड झाली, तर मान्य आहे की नाही हे कुठं विचारणार?”

“तिथंच. मैदानावर. सगळ्यांसमोर, उघडपणे.”

आई चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मी म्हटलं, “भाऊ, मी येईन. माझ्या ड्रेसमध्ये येईन, चपला घालून. पुढे चालणार नाही, आमच्या पाड्याच्या बायकांमध्ये चालेन. आणि मैदानावरचं होय-नाही आमचं धरायचं नाही. आधी इथं बसून ठरेल. तिथं काही बदललं तर परत इथं यायचं.”

“ताई, असं प्रत्येक वेळी परत आलं तर मोर्चा पांगेल. लोकांचा जोश टिकत नाही.”

“न टिकू दे.”

ते नाराज झाले. “एवढा संशय बरा नाही. चळवळ विश्वासावर चालते.”

असेल. माझ्यात विश्वास कमी उरलाय, हे खरं आहे. काही लोक मला आता कडू म्हणतात. गर्दीत गेलं की माणूस मोठा होतो, असं सांगणारे मला खूप भेटतात. मी पण झाले होते मोठी, पडद्यावर, खोलीएवढी. तेवढ्या वेळात माझ्या आईच्या पायाखालची जमीन गेली होती.

मोर्च्याला मी जाणार आहे. गळा सुकेपर्यंत घोषणा देणार आहे. अंगावर काटा येईल, येऊ दे. रडू येईल, ते पण येऊ दे. पण व्यासपीठावरून कुणी विचारलं, ‘मान्य आहे का?’ तर माझा हात वर जाणार नाही. साहेबांनी विचारलं तरी नाही, भाऊंनी विचारलं तरी नाही. ज्याला माझं उत्तर हवं असेल त्यानं पाड्यावर यावं, खाली बसावं, आणि आमच्या घराची पाळी येईपर्यंत थांबावं.